घरघंटी आली, घरात पिठंच पिठं! बेसन सोडून बाकीच्या कडधान्यांच्या पिठांचं तुम्ही काय करता?

कर्वेनगरची_काकू | २१ सप्टेंबर, सकाळी ११:२०

मंडळी, नमस्कार.

गणपतीत लेकाने घरघंटी आणून दिली. "आई, गिरणीच्या चकरा बंद," म्हणाला. चकरा बंद झाल्या, पण मला दळायचं व्यसन लागलं. आधी गहू-ज्वारी झाली, मग फडताळात जे सापडेल ते. सध्या ओट्यावर ओळीने सात डबे आहेत: हुलगे, अख्खे मूग, मसूर डाळ, उडीद डाळ, काबुली चणे, सोयाबीन (हे दळताना यंत्राने मान टाकली, त्याबद्दल नंतर विचारते) आणि नणंदेने कोरेगावहून पाठवलेला वाघ्या घेवडा. घेवड्याचंच पीठ पावणेदोन किलो आहे.

डाळीच्या पिठाचं सगळं डोळे मिटून करता येतं. चाळीस वर्षं तेच केलंय. ही बाकीची पिठं मात्र ऐकत नाहीत. मुगाच्या पिठाचं पिठलं केलं, त्याने पतंगाला कागद चिकटला असता. मसुराच्या पिठाची शेव पाडली, तिचे तेलात पडताक्षणी तुकडे. परवा सकाळी घेवड्याच्या पिठाची धिरडी केली. ती जमली हो! जाळी पडली, चवही बरी होती. पण जेवायच्या आतच ह्यांना तीन उलट्या, मलाही मळमळत होतं. आदल्या संध्याकाळी बाहेर भेळ खाल्ली होती, तिचाच प्रताप.

तर प्रश्न: (१) बेसनाच्या जागी कुठलं पीठ कशात चालतं? (२) आधी भाजून दळायचं की दळून भाजायचं? (३) घेवड्याच्या पिठाचं काय करू?

निवांत_नाना | ११:४१

दिवाळी अजून यायची आहे. फराळापर्यंत घरात माणसांना बसायला जागा राहू द्या.

हिरवी_मिरची | १२:०५

काकू, उडदाचं पीठ आहे ना? मग डांगर करा, बाकी डबे तिकडेच राहू देत. पीठ दह्यात किंवा ताकात सैलसर कालवायचं, बारीक चिरलेला कांदा, मीठ, वरून हिंग-मिरचीची फोडणी. गरम भाकरीबरोबर. फक्त उडीद डाळ खमंग भाजून दळलेली हवी, कच्च्या डाळीचं डांगर घशाला चिकटतं.

अर्धवट_भाजलेला | १२:११

अख्ख्या मुगाचं पीठ चेहऱ्याला लावा. पिठलं चिकटलंच आहे, तेही चिकटेल.

सागरिका_रत्नांग्री | १२:३८

सात डब्यांत खरा हिरा एकच आणि त्याचं नावही तुम्ही चुकीचं लिहिलंय. हुलगे काय? कुळीथ म्हणा.

कुळथाची पिठी करायची तर कुळीथ नुसते दळून चालत नाहीत. आमची आजी आधी कुळीथ भाजायची, मग जात्यावर भरडायची, सुपात पाखडून सालं उडवायची आणि उरलेली डाळ दळायची. त्या पिठाला तांबूस रंग येतो. लसणीची फोडणी, पाणी, दोन आमसुलं, मीठ, पाण्याला उकळी आली की पीठ. मऊ भातावर घ्यायची. सालासकट दळलं असेल तर काळपट आणि किंचित तुरट होणार, त्याला इलाज नाही. घरघंटी सगळं एका दमात गिळते, पाखडणार कोण?

जुन्नरकर_पाव्हणा | १३:०२

ताई, घाटाच्या वर आलात की कुळथाचा हुलगा होतो. आणि आम्ही सालासकटच दळतो, अजून कुणी तक्रार केली नाही.

हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे करा काकू. पिठात लसूण, जिरं, मिरची वाटून घालायची, मीठ, घट्ट मळायचं. तेलाचा हात लावून करंगळीएवढ्या वळ्या करायच्या, टोकं जोडून कडी करायची आणि उकळत्या फोडणीच्या पाण्यात सोडायच्या. पंधरावीस मिनिटं शिजू द्यायच्या. पाण्यात थोडं पीठ सुटतं, त्यानेच रस्सा दाट होतो. हुलगा एकटा वळताना तुटतो, म्हणून आई त्यात मूठभर ज्वारीचं किंवा गव्हाचं पीठ टाकते. थंडीत ताप येऊन गेला की हुलग्याचं माडगं. गूळ घालून केलं तर पोरंही पितात.

गिरणीवाल्याचा_मुलगा | १४:२०

इतकी वर्षं नुसता वाचत होतो, आज धागाच असा निघाला की लिहावं लागतंय. वडिलांची नाना पेठेत पिठाची गिरणी होती. शाळा सुटल्यावर मी डब्यांत पीठ भरायला उभा असायचो. काही गोष्टी सांगतो.

आमच्याकडे दोन चक्क्या होत्या, एक फक्त गव्हाची आणि दुसरी डाळी-भाजणीची. तरी प्रत्येक काकू आल्या आल्या विचारायच्या, "आधी काय दळलंय?" प्रश्न बरोबर असायचा. चक्कीच्या पोटात आधीच्या दळणाचं पाव-अर्धा किलो पीठ राहतं. बाजरीवर हरभरा डाळ टाकली की बेसन करडं होतं आणि पहिल्या लाडवात कडवट लागतं. म्हणून हुशार बायका आपलीच मूठभर डाळ आधी टाकायला लावायच्या आणि ते पीठ वेगळं घ्यायच्या. घरघंटीलाही हाच नियम लावा. मुगावर मसूर आणि मसुरावर उडीद दळलात तर सातही डब्यांत थोडंथोडं सगळंच असेल.

दळणाची डाळ धुवायची नाही. ऊन दाखवायचं. ओल राहिली की पीठ दगडाला थापलं जातं, चक्की गरम होते आणि पिठाला करपट वास येतो. पीठ नेहमी कोमट बाहेर येतं. तसंच डब्यात भरून झाकण लावलं तर आतून घाम धरतं, गुठळ्या होतात आणि पंधरा दिवसांत खवट. वर्तमानपत्रावर पसरून पूर्ण निवू द्या, मग भरा. डाळीच्या पिठात गव्हापेक्षा तेल जास्त असतं, त्यामुळे ते लवकर उतरतं. महिन्याला लागेल तेवढंच दळावं, पावसाळ्यात तर पंधरवड्याचंच.

सोयाबीनबद्दल: त्यात पाचवा हिस्सा तेलच असतं. शेंगदाणे, तीळ, सोयाबीन एकटे घरघंटीत घालायचे नसतात, जाळी बुजते. मशिनीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, पण ते पुस्तक कुणी उघडत नाही. दहा किलो गव्हात किलोभर मिसळून दळतात.

निवांत_नाना | १४:३३

"आधी काय दळलंय" हा प्रश्न मी लग्नाआधी सासरेबुवांना विचारायला हवा होता.

कर्वेनगरची_काकू | १४:५०

गिरणीवाले दादा, तुमचं वाचून हसू आणि रडू दोन्ही आलं. मी सगळं एकामागून एकच दळलंय. सोयाबीननंतर यंत्र घूंऽऽ करून गप्प झालं. लेकाला अजून सांगितलेलं नाही.

वऱ्हाडी_ठेचा | १५:१५

पुण्यात येऊन बारा वर्षं झाली, पण इथल्या दुकानात भरडा मागितला की अजून बेसनाची पुडी पुढे करतात. भरडा म्हणजे हरभऱ्याच्या डाळीचं जाडं, रवाळ दळण. गोळाभाताचे गोळे बेसनाचे केले तर दगड होतात. भरड्यात तिखट, हळद, ओवा, भरपूर तेल घालून गोळे वळायचे आणि भात अर्धा शिजत आला की त्यावर ठेवून वाफवायचे. खाताना गोळा फोडून वर कडकडीत फोडणीचं तेल. तेलाचा हिशेब विचारू नये.

काकू, तुमचं निम्मं दुःख बारीक दळण्याचं आहे. जाळी बदलून जाडं दळून बघा. वड्याला, गोळ्याला, लाडवाला जाडं, शेवेला आणि भज्यांना बारीक.

दूरचा_पाहुणा | १६:०२

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर नीस शहरात राहतो, मूळचा डेक्कनचा. काबुली चण्याच्या डब्यासाठी माझं मत घ्या. इथे 'सोक्का' नावाचं धिरडं मिळतं, काबुली चण्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ, बस. तांब्याच्या मोठ्या परातीत ओतून लाकडाच्या भट्टीत भाजतात. वरून करपलेलं, आतून मऊ, आणि वर मिरपूड. सीमेपलीकडे इटलीत त्याचीच बहीण 'फारिनाता'. वजनाने एक भाग पिठाला तीन भाग पाणी आणि पीठ कालवून निदान दोनतीन तास ठेवायचं.

मी इथे पहिल्या वर्षी इथल्याच पिठाचं पिठलं केलं होतं, ते सपक झालं. आपलं बेसन हरभऱ्याच्या डाळीचं, म्हणजे लहान देशी हरभऱ्याचं साल काढून केलेलं. हे काबुलीचं, वास वेगळा, पाणीही वेगळं लागतं. मापं एकमेकांना लावू नका. आणखी एक, म्यानमारमध्ये शान लोक याच पिठाचा 'तोफू' करतात. पीठ पाण्यात शिजवून दाट करायचं, ताटात ओतून थिजू द्यायचं, तुकडे कापायचे. नासवायला काही लागत नाही.

हिरवी_मिरची | १६:१०

अहो ही पाटवडी आहे! पाटवडी पासपोर्ट काढून बर्माला गेली एवढंच.

जुन्नरकर_पाव्हणा | १६:१७

पाटवडीच्या पुढची पायरी मासवडी. आमच्या जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात येऊन खा. बेसन फोडणीच्या पाण्यात हाटून हाटून घट्ट करायचं, ओल्या फडक्यावर थापायचं, आत तीळ-खोबरं-लसणाचं सारण, गुंडाळी करून माशासारखा आकार दाबायचा आणि काप पाडायचे. शुद्ध शाकाहारी मासा. हाटताना मनगट भरून आलं नाही तर समजायचं, पीठ अजून कच्चं आहे.

प्रयोगवही | १८:४४

काकू, आधी त्या भेळवाल्याची मनातल्या मनात माफी मागा.

मी अन्नतंत्रज्ञान शिकवते, त्यामुळे हा प्रतिसाद जरा लांब होईल. वाघ्या घेवडा म्हणजे राजम्याच्याच जातीचा दाणा. कोरेगावच्या घेवड्याला भौगोलिक मानांकन आहे, चव अप्रतिम, त्यात वाद नाही. पण राजमा-घेवडा वर्गाच्या कच्च्या दाण्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन भरपूर असतं. ते आतड्याच्या अस्तराला चिकटतं. खाल्ल्यावर साधारण एक ते तीन तासांत मळमळ, उलट्या, मग जुलाब. कच्चे चारपाच दाणेही पुरतात. तुम्ही सकाळी धिरडी खाल्लीत आणि जेवायच्या आत उलट्या झाल्या. आदल्या संध्याकाळच्या भेळेपेक्षा हा हिशेब जास्त जुळतो. सहसा काही तासांत माणूस आपोआप बरा होतो, पण घरात लहान मूल किंवा ज्येष्ठ माणसं असतील तर खेळ करू नका.

राजमा आपण आयुष्यभर खातो आणि काही होत नाही, कारण आपण तो रात्रभर भिजवतो, पाणी फेकतो आणि कुकरला लावतो. हे प्रथिन खळखळ उकळत्या पाण्यात मोडतं. निदान दहा मिनिटं पूर्ण उकळी हवी, अर्धा तास दिला तर निश्चिंत. मंद आचेवर नुसतं कोमट-गरम ठेवलं तर उलट ते जास्त जोमात येतं, म्हणून परदेशात मंद शिजवणाऱ्या भांड्यांत राजमा करून माणसं आजारी पडली आहेत. धिरडं तव्यावर दोनतीन मिनिटं असतं, आतल्या भागाला उकळी कुठून मिळणार? दाणे कोरडे भाजून दळले तरी भरवसा नाही. या प्रथिनाला ओली उष्णता लागते.

म्हणजे घेवड्याचं पीठ करायचं तर क्रम असा: भिजवा, पाणी फेका, कुकरला मऊ शिजवा, कडकडीत उन्हात वाळवा, मग दळा. सोयाबीनलाही कच्चं दळू नका. त्यातला एक घटक ट्रिप्सिनला, म्हणजे प्रथिनं पचवणाऱ्या आपल्या पाचकरसाला, अडवतो, प्रथिनं पचू देत नाही आणि तो दाणे उकळल्यानेच जातो. तो कच्चट, हिरवट वासही आधी उकळल्याने कमी होतो.

हरभरा, मूग, मसूर यांत हा त्रास नगण्य आहे, तव्यावरचं धिरडं त्यांना पुरतं. आपल्या आज्यांनी बेसन हरभऱ्याचं केलं, घेवड्याचं नाही, ते बरंच झालं.

अर्धवट_भाजलेला | १८:५१

माझ्या नावाला या धाग्यावर नवीन अर्थ आला. नाव बदलून मिळेल का?

निवांत_नाना | १९:०५

पितृपक्षात नवीन पदार्थ करू नयेत म्हणतात ते यासाठीच. काकांची तब्येत आता कशी आहे?

सात्त्विक_आहार | १९:३०

हे सगळं घाबरवणं चाललंय. निसर्गात जे उगवतं ते विषारी नसतं, आपण ते बिघडवतो. मी दोन वर्षं सगळी कडधान्यं मोड आणून कच्ची खातो आहे.

प्रयोगवही | १९:४८

@सात्त्विक_आहार, मोड आलेले मूग कच्चे खाता, त्याला माझी हरकत नाही. राजमा मोड आणून कच्चा खाल्लात तर डॉक्टरांकडे जाताना हा धागा दाखवा.

वऱ्हाडी_ठेचा | २०:०१

निसर्गात उगवलेलं विषारी नसतं? आमच्या भंडारा-गोंदियाकडे लाखोळी डाळ पिकते, लाख म्हणतात तीच. दुष्काळात बाकी काही पिकलं नाही तरी ही पिकते. रोज पोटभर, महिनोन्महिने तीच खाल्ली की पाय लुळे पडतात, लॅथिरिझम म्हणतात त्याला. त्यातल्या एका घटकाने मज्जातंतू जातात. १९६१ मध्ये केंद्राने तिच्या विक्रीवर बंदी आणली होती. जुने लोक ती भरपूर पाण्यात उकळून पाणी टाकायचे, त्यांनाही कळत होतं.

स्वस्तातल्या बेसनात लाख किंवा पिवळा वाटाणा मिसळतात, हाही जुना धंदा. डाळ स्वतः निवडून दळण्याचा सगळ्यात मोठा फायदा तोच, डोळ्यांना दिसते. लाखेची डाळ नीट बघितली तर पाचरीसारखी, कोन असलेली दिसते.

गहू_बंद | २१:१२

थोडं अवांतर, पण डाळींच्या पिठांवरच आमचं घर चालतं म्हणून लिहिते. मुलाला सातव्या वर्षी सिलिअ‍ॅक निघाला, म्हणजे गव्हा-जवातलं ग्लूटेन नावाचं प्रथिन न सोसण्याचा आजार. गहू, जव, त्यांचं सगळं कायमचं बंद. डाळीच्या पिठांत ग्लूटेन नसतं म्हणून आम्ही आनंदाने गिरणीतून बेसन आणायला लागलो आणि मुलाचं पोट काही बरं होईना. गिरणीवाल्यांनी वर लिहिलंय तेच कारण, चक्कीच्या पोटात राहिलेला गहू. तेव्हापासून घरघंटी आणि तीत गव्हाचा दाणा जात नाही.

दुसरी गोष्ट कळायला वर्ष गेलं. हिंग! पुडीतला बांधानी हिंग बहुतेक वेळा मैद्यात बांधलेला असतो. पिठलं बिनगव्हाचं आणि फोडणीत गहू. पुडीवरचं बारीक वाचा. मेतकूट आणि भाजणी विकत आणू नका, दोन्हीत सहसा गहू असतो. मी मेतकूट घरी करते, हरभरा डाळ, उडीद डाळ आणि तांदूळ वेगवेगळे भाजून, सुंठ, जिरं, मेथ्या, हळद आणि हिंगाचा खडा. गव्हाची उणीव जाणवत नाही.

पोळीला पर्याय म्हणून नुसतं बेसन लाटू नका, फाटतं. मुगाच्या डाळीचं पीठ आणि तांदळाची उकड एकत्र मळली तर लाटता येतं.

कर्वेनगरची_काकू | २१:४०

बापरे. हे आता ठीक आहेत, संध्याकाळी वरणभात जेवले. प्रयोगवही, तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. ह्यांनी फक्त "हं" म्हटलं. चाळीस वर्षांत त्या "हं"चे अर्थ मला पाठ झालेत.

पीठ_पेरते_मी | २२ सप्टेंबर, ९:१५

मुगाच्या चिकट पिठल्याकडे कुणी लक्षच दिलं नाही. काकू, पीठ पाण्यात कालवून ओतलंत का? पिठल्याचं पीठ वैरायचं असतं. पाणी खळखळलं की डाव्या हाताने चिमटीचिमटीने सोडायचं, उजव्या हाताने रवी फिरवत राहायचं. कालवलेलं पीठ म्हणजे खळ.

हिरवी_मिरची | ९:२२

वैरलं की गुठळ्या होतात. कालवूनच घालावं, गार पाण्यात, ताकात तर उत्तम.

पीठ_पेरते_मी | ९:२५

गुठळ्या होतात त्यांना वैरता येत नाही. आणि दोनचार बारीक गुठळ्या पिठल्यात असाव्यातच, दाताखाली आल्या की छान लागतात.

वऱ्हाडी_ठेचा | ९:४०

दोघी चुकताय. पिठलं तेलात पीठ भाजून करतात. जेवढं बेसन तेवढं तेल आणि तेवढंच तिखट, रावण पिठलं म्हणतात. डोळ्यांतून पाणी आलं तर पाणी घालावं लागत नाही.

निवांत_नाना | ९:५८

सिंहगडावर मडक्यातलं दही आणि पिठलं-भाकरी खाताना मी कधी विचारलं नाही की वैरलंय का कालवलंय. गड चढून गेलं की दोन्ही सारखंच लागतं.

अर्धवट_भाजलेला | १०:०३

पिठल्यासाठी वेगळा धागा काढा, नाहीतर काकूंचे सात डबे यात बुडतील.

गिरणीवाल्याचा_मुलगा | ११:३०

मूळ प्रश्नांवर येतो. भाजणं आधी की नंतर हे पिठाच्या कामावर ठरतं. मेतकूट, डांगर, थालिपिठाची भाजणी, कुळथाची पिठी, म्हणजे जिथे पीठ पुढे फार शिजत नाही किंवा मुळीच शिजत नाही, तिथे दाणे आधी भाजायचे. दाणा आतपर्यंत भाजला जातो, पीठ टिकतंही जास्त. भजी, शेव, वड्या, कढी, म्हणजे जिथे पुढे तळण किंवा उकळी आहे, तिथे कच्च्या डाळीचंच. लाडवाला कच्चं दळून मग तुपात भाजायचं. कोरडं पीठ भाजलं तर बुडाशी करपतं आणि वर कच्चं राहतं.

आईचं लाडवाचं निरीक्षण सांगतो. पीठ तुपात टाकलं की आधी घट्ट गोळा होतो, उलथनं जड जातं. अर्ध्यापाऊण तासाने मंद आचेवर ते अचानक सैल होतं, उलथन्यावरून ओघळायला लागतं आणि हात हलका होतो. त्याच वेळी वास दाराबाहेर जातो. तेव्हा दुधाचा हबका मारायचा, पीठ फसफसून रवाळ होतं. साखर पार निवल्यावर. घाई केली तर साखर वितळून लाडू बसतात. मुगाच्या डाळीचं जाडं पीठ याच पद्धतीने चालतं, तूप जरा बेताने. अख्ख्या मुगाचं मात्र नको, सालाचा वास राहतो.

हिरवी_मिरची | ११:५२

बाकीच्या डब्यांचं माझं मत. मुगाच्या पिठाचं पिठलं सोडा, धिरडी करा, थोडी तांदळाची पिठी आणि आलं घालून. मसुराचं पीठ एकटं शेवेला धरत नाही. अळूवडी-कोथिंबीर वडीत बेसनाला अर्धं लावा, कुणाला कळत नाही. भजीत बेसनच. तुम्हाला सोडा घालायची सवय असेल तर कमी करा, भजी तेल पितात, आणि हळदीवर सोडा पडला की भज्यांवर लाल ठिपके उठतात. आमच्या सासूबाई त्यांना "गोवर आलेली भजी" म्हणायच्या.

दूरचा_पाहुणा | १३:२०

आणि काबुलीचा सोक्का?

कर्वेनगरची_काकू | १४:०५

केला. बिडाच्या तव्यावर, झाकण न ठेवता. एक पीठ, तीन पाणी, तीन तास ठेवून. ह्यांनी विचारलं, "यात कांदा-मिरची घालायला विसरलीस का?" दुसऱ्यात घातली. मग ते धिरडंच झालं, पण फार चांगलं धिरडं झालं.

माती_आणि_माणूस | २३ सप्टेंबर, ८:१०

उशिरा आलो. एक पुणेरी अभिमानाची गोष्ट: सोयाबीनची 'एमएसीएस' नावाने सुरू होणारी वाणं राज्यभर पेरली जातात, ती आपल्या आघारकर संशोधन संस्थेची. आणि तुमच्या बेसनातला विजय, दिग्विजय, विशाल हरभरा राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा. मार्केट यार्डात भुसार विभागात गेलात तर डाळ घेताना विचारा, जुने व्यापारी दाणा बघून वाण सांगतात. पिठाच्या पुडीवर हे कळत नाही.

सागरिका_रत्नांग्री | ८:४०

आणि कुळथाचं वाण?

जुन्नरकर_पाव्हणा | ८:४४

हुलग्याचं म्हणायचंय का ताई?

कर्वेनगरची_काकू | ९ ऑक्टोबर, सायंकाळी ५:३०

मंडळी, हिशेब द्यायला आले.

शेंगोळे केले. वळताना तुटले, मग पाव्हण्यांच्या आईचं ऐकून ज्वारीचं पीठ घातलं, जमले. उडीद डाळ नव्याने भाजून दळायला दुसरीकडे पाठवली, डांगर दोनदा झालं. मसूर वड्यांत संपला. मुगाच्या पिठाचं उटणं केलं, त्या खवचट माणसाचंच ऐकलं शेवटी.

घेवडा. प्रयोगवहींना व्यक्तिगत निरोपातून विचारलं होतं की झालेल्या पिठाचं काय. त्या म्हणाल्या, पातळ करून अर्धा तास खळखळ उकळलं तर चालेल, पण दाट ठेवू नका, मधे कच्चं राहील. वाटीभर पिठाला आठ वाट्या पाणी घालून, घड्याळ समोर ठेवून पस्तीस मिनिटं ढवळत उकळलं. शेवटी लसूण-मिरचीची फोडणी दिली. मी खाल्लं, काही झालं नाही, चव आमटीसारखी. ह्यांनी ताटाला हातसुद्धा लावला नाही. उरलेलं दीड किलो गच्चीतल्या खताच्या पिंपात गेलं. जीव हळहळला, पण पुन्हा कुणी चुकून धिरडी घालायला नको.

नणंदेच्या पोत्यात अजून दाणे होते. ते भिजवून, कुकरला पाच शिट्ट्या काढून, गच्चीत जुन्या साडीवर वाळवले. मधेच परतीच्या पावसाची सर आली, साडीसकट घरात, रात्रभर पंख्याखाली. चार दिवसांनी दाणा नखाने फुटेनासा झाला, तेव्हा गिरणीतून दळून आणला. हे पीठ वेगळंच निघालं! आधीच शिजलेलं, त्यामुळे पाण्यात पडलं की लगेच फुगतं. वांग्याच्या रश्शात दोन चमचे घातलं तर वाटणाचं खोबरं निम्म्यावर आणता आलं. त्याची धिरडी मात्र तुटतात, चिकटपणा नाही. आणि हे खातात. दोन दिवस फक्त वास घेतला, तिसऱ्या दिवशी भाकरी बुडवली.

भेळही खाऊन आलो. ह्यांनीच जास्तीची मागितली.

आता राहिलं यंत्र. गिरणीवाले दादा, सोयाबीन अडकून बंद पडलेली घरघंटी सुरू कशी करायची? लेक दिवाळीला येतोय.

गिरणीवाल्याचा_मुलगा | १८:१०

आधी प्लग काढा. दार उघडून जाळी बाहेर काढा. जुन्या दात घासायच्या ब्रशने जाळीची भोकं आणि आतला कोपरा कोरडाच झाडून घ्या, थापलेलं पीठ लाकडी काडीने खरवडा. जाळी परत बसवून मूठमूठ कोरडे तांदूळ दळा, तेल ओढून घेतात. मोटर तापून बंद पडली असेल तर तेवढ्याने सुरू होईल. फक्त एक लक्षात ठेवा, आत पाणी अजिबात लावू नका.

कर्वेनगरची_काकू | १८:१४

पाणी लावून झालंय.